रुंदी सात फूट

गेल्या डिसेंबरात बर्मिंगहॅमहून माझ्या मेहुण्यांनी चार पानांची एक यादी पाठवली. मे महिन्यात इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट भाड्याने घेऊन आठवडाभर फिरायचे, असा बेत त्यांनी आणि माझ्या बहिणीने परस्पर ठरवून टाकला होता. बोट देणाऱ्या कंपनीची ही पूर्वतयारीची यादी. न घसरणारे बूट, चांगली पकड असलेले हातमोजे, पावसाळी कोट, विजेरी आणावी. सामान कडक पेट्यांतून नको, घडी होणाऱ्या पिशव्यांतून आणावे, कारण पेट्या ठेवायला जागा नाही. पाण्याची टाकी शक्यतो रोज भरावी. लॉकच्या झडपा उघडायचे दोन लोखंडी हँडल, बोट काठाला बांधायच्या खुंट्या आणि हातोडा बोटीवर मिळेल. परवाना लागत नाही; निघण्यापूर्वी बोट हाकायला शिकवले जाईल. आणि शेवटच्या पानावर बोटीची मापे: लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच.

इतिहास शिकवण्यात तीस वर्षे गेल्यामुळे असेल, पण मी त्या शेवटच्या आकड्यावर अडकलो. एवढी लांब बोट आणि रुंदी सात फूटसुद्धा नाही? दोन माणसांनी एकमेकांना ओलांडायचे तर एकाने भिंतीला पाठ लावावी लागणार. या आकड्याचे उत्तर शोधण्यात माझा हिवाळा गेला. बूट, कोट, पिशव्या ही तयारी बायकोने केली. माझी तयारी म्हणजे हा लेख.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे कालवा म्हटले की नीरेचा किंवा मुठेचा कालवा डोळ्यांसमोर येतो. त्याला उतार असतो, पाणी वाहते आणि शेतापर्यंत पोचते. इंग्लंडमधला वाहतुकीचा कालवा याच्या उलट. त्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते. एकाच पातळीवर खोदलेला मैलोन्‌मैल लांबीचा हौदच तो. जमीन चढली किंवा उतरली की कालव्याला पायरी करावी लागते. ती पायरी म्हणजे लॉक. दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेली ही दगड-विटांची अरुंद खोली. खालून आलेली बोट आत घ्यायची, मागची दारे लावायची, हँडल फिरवून वरच्या झडपा उघडायच्या. वरचे पाणी आत येते, बोट हळूहळू उचलली जाते, पातळी सारखी झाली की पुढची दारे उघडतात. उतरताना हेच उलट.

उतरताना एक धोका असतो आणि यादीत तो ठळक अक्षरांत छापला होता. वरच्या दाराच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी कट्टा असतो. त्याला सिल म्हणतात, म्हणजे उंबराच. बोटीचे मागचे टोक या उंबऱ्यावर राहिले आणि खालचे पाणी ओसरले, तर बोट पुढे कलंडून बुडू शकते. म्हणून बोट पांढऱ्या खुणेच्या पुढे ठेवायची आणि हँडलपाशी उभ्या असलेल्याने बोटीवरून नजर काढायची नाही.

लॉकचे गणित सोपे आहे. लांबी सुमारे ७२ फूट, रुंदी ७ फूट आणि चढ सात-आठ फूट धरला, तर प्रत्येक वेळी लाखभर लिटर पाणी वरून खाली जाते. ते आपणहून परत वर येत नाही. कालव्याच्या सर्वांत उंच भागात जलाशय बांधून हे पाणी पुरवावे लागते. लॉक दुप्पट रुंद केला तर पाणीही दुप्पट. सात फुटांचे पहिले कारण इथे सापडते.

दुसरे कारण सापडायला १७६६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, १७६१ मध्ये, ब्रिजवॉटरचे ड्यूक फ्रान्सिस एगर्टन यांचा कालवा सुरू झाला होता. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी तो खोदला. बार्टनला तो जलसेतूवरून अर्वेल नदी ओलांडत असे. नदीवरून जाणारी बोट बघायला लोक लांबून येत. मँचेस्टरमध्ये कोळशाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. या कामातला मुख्य स्थापत्यकार जेम्स ब्रिंडली हा मूळचा गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. लिहिण्या-वाचण्यात तो कच्चा होता. कठीण प्रश्न आला की अंथरुणावर पडून डोक्यात सोडवायचा, अशी त्याची ख्याती होती.

स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या गावांना असाच कालवा हवा होता. तिथले जोसाया वेजवुड आपली चिनी मातीची भांडी घोड्यांच्या पाठीवरून आणि खडबडीत रस्त्यांवरून पाठवत. वाटेत फुटणाऱ्या मालाचा हिशोब त्यांना रोज करावा लागे. पांढरी माती मात्र नैर्ऋत्येकडच्या कॉर्नवॉल-डेव्हनहून समुद्रमार्गे यायची आणि पुढे जमिनीवरून. रस्त्यावर एका घोड्याला टन-दोन टन ओढणे जड जाई. तोच घोडा पाण्यावरची पंचवीस टनांची बोट ओढू शके. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या ९३ मैलांच्या कालव्याला १७६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी जुलैत वेजवुड यांनी पहिली कुदळ मारली. मुख्य स्थापत्यकार अर्थातच ब्रिंडली.

या कालव्याच्या वाटेत हेअरकासलची टेकडी आडवी येते. ब्रिंडलीने तिच्या पोटातून २८८० यार्डांचा, म्हणजे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा काढला. एवढा लांब कालव्याचा बोगदा त्या देशात कोणी काढलेला नव्हता. रुंदी वाढली की खोदाई, विटा, पैसा आणि जोखीम सगळेच वाढणार. ब्रिंडलीला रुंद कालवा माहीत नव्हता असे नाही. ब्रिजवॉटरच्या कालव्यावर चौदा फुटी बोटी चालत, आणि ट्रेंट-मर्सी कालव्याच्या पूर्व टोकाला त्याने रुंद लॉकच ठेवले. पण मधल्या चढउताराच्या भागासाठी, पाणी आणि पैसा दोन्ही वाचवायला, त्याने लॉकची रुंदी सात फूट धरली. बोगद्यालाही बोट कशीबशी जाईल एवढेच माप दिले. घोड्याला चालायला वाट नाही. घोड्याला टेकडीवरून पलीकडे नेत, आणि त्या रस्त्याचे नाव आजही बोटहॉर्स रोड असेच आहे. आत अंधारात बोटवाले फळीवर उताणे पडत, भिंतीला पाय लावत आणि चालल्यासारखे करत बोट ढकलत. पलीकडे पोचायला दोन-तीन तास लागत. बोगद्याला अकरा वर्षे लागली. कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला तेव्हा ब्रिंडलीला जाऊन पाच वर्षे झाली होती.

एका टेकडीपायी आणि पाण्याच्या टंचाईपायी घेतलेला हा निर्णय मग सगळ्या मध्य इंग्लंडवर पसरला. शेजारचे कालवे याच कालव्याला जोडायचे होते. ज्याची बोट सात फुटी लॉकमधून जात नाही त्याला पुढे वाट नाही. म्हणून त्यांनीही सात फूटच धरले. टॉमस टेलफर्डने साठ वर्षांनी बर्मिंगहॅमकडून लिव्हरपूलच्या दिशेने नवा, जवळजवळ सरळ कालवा आखला. ब्रिंडलीचा कालवा टेकडीला वळसा घालून जातो, टेलफर्डचा ती कापून जातो. खोल खिंडी, उंच भराव, सगळे काही आधुनिक. शेल्मोरला एका उमरावाच्या राखीव रानातल्या शिकारीच्या पक्ष्यांना त्रास नको म्हणून त्याला मार्ग बदलून मैलभर लांबीचा भराव घालावा लागला. तो वर्षानुवर्षे खचत राहिला. टेलफर्ड १८३४ मध्ये वारला आणि कालवा १८३५ मध्ये खुला झाला. पण या नव्या कालव्याच्या लॉकची रुंदी? सात फूट.

तोवर उशीर झाला होता. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० मध्येच धावू लागली होती. रेल्वे आली म्हणून कालवे एका रात्रीत ओस पडले नाहीत. पण दर पाडावे लागले. स्पर्धेत टिकायचे तर मोठ्या बोटी हव्यात. मोठ्या बोटींसाठी एक लॉक रुंद करून भागत नाही, वाटेतला प्रत्येक लॉक, पूल आणि बोगदा रुंद करावा लागतो. तेवढा पैसा कोणाकडे नव्हता. बोट वाढू शकत नाही, दर वाढू शकत नाही. मग उरते फक्त मजुरी.

इथे मला माझ्या आकड्याचा खरा अर्थ कळू लागला. पूर्वी बोटवाल्याचे घर काठावरच्या गावात असे आणि सोबतीला तो पगारी गडी ठेवी. मिळकत घटली तसा गडी परवडेना, घरभाडेही परवडेना. अनेकांनी घर सोडले आणि बायको-मुलांना बोटीवर आणले. बायको सुकाणूचा दांडा धरी, मुले घोडा हाकत, लॉकची दारे ढकलत. पगार मिळे एकट्या पुरुषाला. माल भरायला जास्तीत जास्त जागा हवी, म्हणून संसाराला बोटीच्या मागच्या टोकाची खोली उरली: लांबी दहा फुटांच्या आत-बाहेर, रुंदी सात फुटांहून कमी. शिरताच डावीकडे शेगडी. कपाटाचे दार खाली पाडले की तेच टेबल. आडवी फळी टाकली की नवरा-बायकोचे अंथरूण. मुले बाजूच्या बाकावर आणि जमिनीवर. प्यायचे पाणी छतावरच्या रंगीत डब्यांत. त्या डब्यांवर आणि दारांवर काढलेली गुलाबाची फुले आणि किल्ले आज पर्यटकांच्या कपांवर छापून मिळतात.

या लोकांची बाजू संसदेपर्यंत नेली जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने. तो १८३१ मध्ये हेअरकासलच्या जवळच, टन्स्टॉलला जन्मला आणि लहानपणीच वीटभट्टीवर माती वाहू लागला. आधी त्याने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी कायदा करवून घेतला, मग बोटींकडे वळला. त्याच्या पुस्तकानंतर १८७७ मध्ये कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला आणि १८८४ मध्ये त्यात सुधारणा झाली. बोटींची नोंदणी सक्तीची झाली. खोलीत किती माणसे राहू शकतात हे ठरवले गेले. मुलांच्या शाळेसाठी बोटीची नोंदणी जिथली ते गाव त्यांचे मानले जाऊ लागले. पण बोट रोज पुढे सरकणार, मग शाळा कशी होणार? अनेक पिढ्या निरक्षर राहिल्या. स्मिथच्या लेखनात अतिशयोक्ती आहे, त्याने बोटवाल्यांना दारुडे आणि रानटी ठरवले, असा आक्षेप पुढच्या इतिहासकारांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. त्या खोल्यांतल्या घासून लखलखीत केलेल्या पितळी कड्या आणि भिंतीवर मांडलेल्या लेसच्या बशा वेगळेच सांगतात. गरिबाच्या बाजूने बोलणारा माणूस गरिबाचा अपमानही करू शकतो, हे आपल्यालाही नवीन नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी मी हॉलमधल्या खुर्च्या बाजूला सारल्या आणि खडूने फरशीवर दहा फूट बाय सात फुटांचा चौकोन आखला. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे काय, पुन्हा लालबाग मांडताय?" तिने सहज म्हटले, पण ते खरे होते. माझे बालपण लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत गेले. आम्ही सातजण होतो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीचा आडवा व्हायचा. खडूचा चौकोन आमच्या खोलीपेक्षाही तीस चौरस फुटांनी लहान होता.

१९८२च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. आज गिरणगावातल्या कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि उपाहारगृहे आहेत. एखादी चिमणी शोभेला ठेवलेली असते. तिथे जेवायला बसलेली तरुण मुले मजेत असतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तरी मला तिथला घास गोड लागत नाही. आणि आता मीच पैसे मोजून दुसऱ्या कोणाच्या गिरणगावात सुटी घालवायला निघालो होतो. मेहुण्यांना फोन करून बेत रद्द करावा, असे दोन-तीन दिवस मनात घोळत राहिले.

तो रद्द झाला नाही, याचे कारण कालव्यांच्याच पुढच्या इतिहासात सापडले. १९३९ च्या उन्हाळ्यात एल. टी. सी. रोल्ट नावाचा अभियंता ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या बोटीत संसार मांडून कालव्यांवर निघाला. त्या प्रवासावरचे त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक युद्ध चालू असताना, १९४४ मध्ये निघाले आणि खूप वाचले गेले. ते वाचून रॉबर्ट एकमन याने त्याच्याशी संपर्क साधला. दोघांनी मिळून १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना काढली. त्या काळी बुजवून टाकण्याची टांगती तलवार अनेक कालव्यांवर होती. पण थोड्याच वर्षांत दोघांचे बिनसले. रोल्टला काळजी होती ती मुख्यतः अजून माल वाहणाऱ्या बोटवाल्यांची आणि त्यांच्या जगण्याची. एकमनला एकूणएक कालवा वाचवायचा होता, मग त्यासाठी हौशी बोटी आणि उत्सव का होईना. १९५१ मध्ये रोल्टला त्याच्याच संघटनेतून काढून टाकण्यात आले.

काळाने दोघांनाही अर्धे-अर्धे खरे ठरवले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवड्यांमागून आठवडे गोठले, बोटी बर्फात अडकल्या, आणि आधीच खंगलेल्या मालवाहतुकीचा कणा त्यात मोडला. रोल्टची माणसे काठावरच्या घरांत गेली आणि पुन्हा बोटीवर आली नाहीत. १९६८ च्या वाहतूक कायद्याने मात्र शेकडो मैलांचे कालवे ‘विहाराचे कालवे’ म्हणून राखले. पुढे स्वयंसेवकांनी चिखल उपसून कित्येक बुजलेले कालवे मोकळे केले. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून एक धर्मादाय न्यास सांभाळतो. परवाना शुल्क भरणाऱ्यांमध्ये सुटीच्या बोटींचाही मोठा वाटा आहे. ज्या अरुंदपणामुळे कालवा धंद्यात हरला, त्याच अरुंदपणामुळे तो शांत, हिरवा आणि सुटीजोगा राहिला. सुटीवाले आले नसते तर त्याच्यावरून आज रस्ता गेला असता. मग ब्रिंडलीचा लॉक, टेलफर्डचा भराव आणि त्या दहा फुटी खोलीची आठवण, काहीच उरले नसते. गिरणगावात उरलेल्या चिमणीबद्दलही मी तेव्हापासून थोडा वेगळा विचार करू लागलो आहे. यंत्रे गेली, माणसे गेली, तरी चिमणी असेल तर तिच्याकडे बोट दाखवून नातवाला काही सांगता येते.

एक गोष्ट मात्र मी बदलून घेतली. मेहुण्यांचा बेत ‘फोर काउंटीज रिंग’ पूर्ण करण्याचा होता. चार कालव्यांच्या तुकड्यांचे हे वर्तुळ ११० मैलांचे आहे आणि त्यात ९४ लॉक लागतात. कायद्याने वेगमर्यादा ताशी चार मैल, प्रत्यक्षात तीन धरावेत. म्हणजे नुसत्या चालण्याचे ३७ तास. प्रत्येक लॉकला पाव तास धरला तर आणखी साडेतेवीस. एकूण साठ तास, सात दिवसांत. रोजचे साडेआठ तास! हे गणित मी मेहुण्यांना कळवले आणि लिहिले, "एवढे काम बोटवाल्यांनी पोटासाठी केले. आपण कशासाठी करायचे?" शिवाय व्हीलॉकपासून हेअरकासलपर्यंतच्या सात मैलांतच २६ लॉक आहेत. त्या चढाला बोटवाल्यांनी काळीज फोडणारी टेकडी असे नाव दिले होते. बायकोचा गुडघा आणि माझी पाठ पाहता ते नाव आम्हाला पहिल्याच दिवशी पटले असते.

तेव्हा आता वर्तुळ रद्द झाले आहे. ग्रेट हेवुडहून उत्तरेला निघायचे, वेजवुडच्या एट्रुरियावरून, मिडलपोर्टच्या काठावरच्या कुंभारकामाच्या कारखान्यापाशी एक मुक्काम करून हेअरकासलला जायचे. सुमारे पंचवीस मैल, जाताना अठरा लॉक आणि येताना तेच अठरा. ब्रिंडलीचा बोगदा कधीच बंद पडला. त्याच्या शेजारी टेलफर्डने १८२७ मध्ये काढलेला बोगदा चालू आहे. खनिजामुळे तिथले पाणी गेरूच्या रंगाचे दिसते. इंजिनाच्या बोटीला आत चाळीसेक मिनिटे लागतात. त्या चाळीस मिनिटांत कोणी गाणी लावायची नाहीत, एवढी एकच अट मी घातली आणि बहिणीने ती कुरकुरत मान्य केली.

यादीतल्या सगळ्या वस्तू आता पिशव्यांत भरून झाल्या आहेत. फरशीवरचा खडूचा चौकोन आठवडाभर तसाच होता. शेवटी कामाच्या मावशींनी विचारले, "ही कसली आखणी, साहेब?" मी म्हटले, "एक घर आहे." त्यांनी दोन्ही बाजू पावलांनी मोजून पाहिल्या आणि विचारले, "किती माणसं राहायची?" मी म्हटले, "सहा-सात." त्यांनी मान डोलावली आणि फडके ओले केले. त्यांना त्यात काही नवल वाटले नव्हते.